आवाज आणि अक्षर

मूल वाचावयास शिकते म्हणजे नेमके काय घडते? कानांना ओळखीचा असलेला आवाज त्याला डोळ्यांपुढच्या खुणेत सापडतो. ही गाठ पडली की ते मूल वाचक होते. ती पाडून देण्यासाठी आपल्या देशात वेळोवेळी जी साधने घडविली गेली, त्यांचा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो. कधी आवाज होता तर अक्षर नव्हते. कधी अक्षर होते तर आवाज नव्हता.

आरंभ आपल्याच घरातून करू. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा; लिपी मात्र रोमी. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत, ही आपली जुनी इच्छा फादरांनी १६०८ सालच्या पत्रात रोमला कळविली होती. त्यांनी सांगितलेली एक अडचण छपाईच्या तंत्राची होती. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागे. येथे जवळजवळ सहाशे साचे पाडावे लागणार होते. १६१९ साली फादर निवर्तले, तोवर ते साचे पडले नव्हते. ओवी कानांना गोड लागली. पण तिचे स्वतःचे अक्षर छापील पानावर उमटले नाही.

ते उमटावयास दोन शतके जावी लागली. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पुढे मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने त्या खिळ्यांना देखणेपण दिले. १९६७ साली पुण्यास 'बालभारती'ची स्थापना झाली आणि पाठ्यपुस्तक खेडोपाडीच्या मुलांच्या दप्तरात पोहोचले. अक्षराचा प्रश्न असा सुटला. परंतु पुस्तक स्वतः बोलत नाही. ज्या घरी वाचून दाखविणारे कोणी नाही आणि ज्या शाळेत एकाच शिक्षकापुढे चार वर्ग बसतात, तेथे ते मुकेच राहते.

मग आला आवाज, तोही आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेने काही काळापुरता दिलेल्या एका उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीच्या अँटेना गावात उभ्या राहिल्या. सकाळी शाळकरी मुलांचे कार्यक्रम, सायंकाळी गावकऱ्यांचे. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मात्र १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम होऊ लागले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. या प्रयत्नांनी मुलांना दूरचे जग दाखविले, ही सेवा थोर होय. पण वाचनाच्या दृष्टीने पाहता पडद्यावरचे चित्र पुढे सरकते, आवाज विरतो. अक्षर हाताशी राहत नाही.

दोहोंची गाठ घालण्याची युक्ती त्या मानाने साधी होती. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील श्री. ब्रिज कोठारी यांना १९९६ साली ती सुचली: चित्रपटगीताखाली त्याच भाषेतील शब्द दाखवावेत आणि गायिला जाणारा शब्द त्या क्षणी रंगाने उजळावा. अहमदाबादच्या एका प्राथमिक शाळेत ही कल्पना मुलांबरोबर तपासून पाहिली गेली. काहींना शब्दांसह गाणी दाखविली, काहींना शब्दांविना. शब्दांसह पाहणाऱ्यांच्या वाचनात अधिक सुधारणा आढळली. १९९९ साली गुजराती गीतांच्या कार्यक्रमात आणि २००२ पासून 'चित्रहार'मध्ये ही अक्षरे देशाने पाहिली. हे का साधते? गाणे मुलाला तोंडपाठ असते. पुढचा शब्द त्याच्या ओठांवर आधीच आलेला असतो. डोळ्यांनी तो केवळ ओळखावयाचा असतो.

पाठ्यपुस्तकाला आवाज देण्याचे काम आपल्या सोलापूर जिल्ह्यात झाले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, गोष्ट दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. त्या वेळच्या निवेदनात आणखी एक गोष्ट नोंदली आहे, ती आम्हांला अधिक मोलाची वाटते: विद्यार्थिनींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून गुरुजी स्वतः ती भाषा शिकले आणि पुस्तके त्या भाषेत उतरविली. यंत्रातून निघणारा आवाज मुलाच्या ओळखीचा असावा लागतो, हे त्यांनी जाणले.

हा प्रश्न अजून संपलेला नाही. ग्रामीण भारतात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण 'असर' पाहणीनुसार २०१८ साली शेकडा ५०.५ होते, महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते ४२.८ वर आले. २०२४ साली ते बरेच सावरले, तरी निम्म्याच्या आसपास मुले मागेच आहेत. त्या बंदीच्या काळात मोबाइल पुष्कळ घरांत होता. पण तो मुलाच्या हाती पडे तो एकटाच.

वसईच्या आपल्या कित्येक घरांत आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, पुस्तक प्रमाण मराठीत असते आणि शाळा अनेकदा इंग्रजीची. आपल्या मुलाच्या कानातला आवाज आणि पानावरचे अक्षर यांत असे दुहेरी अंतर पडते. ते कमी करण्यास मोठा खर्च लागत नाही. मुलाचा धडा आईने किंवा आजोबांनी मोबाइलवर सावकाश वाचून ध्वनिमुद्रित करावा, अडलेला शब्द घरच्या बोलीत सांगावा, आणि मुलाने पानावर बोट ठेवून तो पुनःपुन्हा ऐकावा. फादर स्टीफन्स ज्या खिळ्यांसाठी झुरले, ते आज आपल्या खिशातल्या यंत्रात आहेत. त्यांना घरचा आवाज देण्याचे काम मात्र घरच्यांनीच करावयाचे आहे.