सहा वर्षांचा प्रबंध, अठरा वर्षांचे मूल

गेल्या पावसाळ्यात आंबीत खोली घेऊन राहणारी एक विद्यार्थिनी पीएच.डी.चा आराखडा घेऊन आली. तळेगाव एमआयडीसीतल्या कामगारांच्या मुलांना पुढे मधुमेह होऊ नये म्हणून आईच्या गरोदरपणातच काय करता येईल, हा तिचा विषय. मी विचारले, "मुलं मोठी होईपर्यंत थांबणार कोण?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात, एरवीची कमाल मुदत सहा वर्षांची.

मग मी तिला आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण सांगितले. इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी चाळून कमी जन्मवजन आणि उतारवयातला हृदयरोग यांचा संबंध मांडला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये उलट टोकाकडून सुरुवात केली. सहा गावांतल्या स्त्रियांची नोंद त्यांनी गर्भ राहण्याआधीच केली. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. मात्र स्नायू कमी असूनही कातडीखालची चरबी बऱ्यापैकी टिकून होती. किडकिडीत दिसणारे हे बाळ आतून चरबीचे निघाले! आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांच्या २००१ च्या निबंधात बाळाच्या आकाराशी नाते दिसले ते दूध, पालेभाज्या आणि फळांचे. एकूण उष्मांक किंवा प्रथिनांचे नव्हे.

मुले सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. त्यावरचा निबंध २००८ चा. हीच मुले वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना बी-१२ देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या नोंदीपासून तोवर एकोणीस वर्षे लोटली होती. एवढ्या काळात कोणाचाही प्रबंध कपाटात पिवळा पडतो.

"मॅडम, म्हणजे मी हा विषय सोडू?" तिने विचारले. सोडू नये, असेच माझे मत. तिने फक्त गरोदरपणातला आहार आणि जन्मवजन एवढेच घ्यावे, पण वह्या पुढच्याला वापरता येतील अशा ठेवाव्यात.

आठवड्याने ती आराखडा बदलून घेऊन आली. पुढच्या संशोधकालाही भेटता यावे, अशी परवानगी संमतीपत्रात होती. कामगार खोल्या बदलतात, आणि पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. म्हणून नोंदीच्या तक्त्यात सासरच्या पत्त्याशेजारी माहेरच्या गावाचा रकाना तिने स्वतःहून घातला होता.