अंधाऱ्या खोलीतून पडद्याकडे

गावच्या उरुसात सिनेमाचा तंबू लागला, की आमच्या पिढीला दुसरे काही सुचत नसे. इकडे संदलची मिरवणूक दर्ग्याकडे निघायची आणि तिकडे मैदानात कनाती ताणल्या जायच्या. तंबूत मधोमध आडोसा. त्याच्या एका बाजूला पुरुष बसत आणि दुसऱ्या बाजूला बायका. जमिनीवर फतकल मारून आम्ही पडद्याकडे पाहत असू. पण खरे कुतूहल पाठीमागून येणाऱ्या त्या उजेडाच्या पट्ट्याचे असे. त्यात धूळ तरंगायची, विडीचा धूर वळसे घ्यायचा आणि तोच उजेड पुढे पडद्यावर जाऊन घोडा व्हायचा, नदी व्हायची, माणूस व्हायचा. घरी परतल्यावर बोलणी ठरलेली. तस्वीर पाहणे गुनाह आहे, हे सांगणारे बुजुर्ग प्रत्येक घरात होते. त्यातले काही जण तंबूत आमच्याच मागे बसलेले असत, ही गोष्ट वेगळी.

आज आपल्या मोहल्ल्यांतून सिनेमाविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की ही सारी परक्यांची करामत. तिच्याशी आपला संबंध नाही. दुसरे मत नेमके उलटे. कॅमेरा मुळात आपलाच, इब्न अल-हैसमने तो शोधला आणि ‘कॅमेरा’ हा शब्दही अरबी ‘कमरा’वरून आला, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ही दोन्ही मते तपासून पाहिली पाहिजेत. कारण खोट्या अभिमानाने जेवढे नुकसान होते, तेवढेच खोट्या परकेपणानेही होते.

इब्न अल-हैसम हा इ. स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मला आणि १०४० च्या सुमारास कैरोत वारला. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्याचा दृष्टिशास्त्रावरचा मोठा ग्रंथ. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसते, असे त्याच्या आधीचे अनेक ग्रीक पंडित मानत. इब्न अल-हैसमने हे नाकारले. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा आपण पाहतो, असे त्याने मांडले आणि नुसते मांडून तो थांबला नाही. अंधाऱ्या खोलीला एक छिद्र ठेवून त्याने बाहेर ओळीने दिवे लावले. आतल्या भिंतीवर जेवढे दिवे तेवढे उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच छिद्रातून जाताना एका दिव्याचा प्रकाश दुसऱ्यात मिसळून गोंधळ होत नाही. सिनेमाचा सारा इमला या साध्या गोष्टीवर उभा आहे. हा ग्रंथ इ. स. १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझल येथे छापला गेला. युरोपातल्या विद्वानांनी तो बारकाईने वाचला.

एवढे आपले खरे श्रेय आहे आणि ते लहान नाही. पण छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हे चीनमध्ये मोझीच्या परंपरेला कितीतरी शतके आधी ठाऊक होते. ग्रहणाच्या वेळी झाडाखाली सूर्याच्या कोरी उमटतात हे ग्रीकांनीही पाहिले होते. आणि ‘कॅमेरा’ हा शब्द अरबीतून आलेला नाही. तो लॅटिनमधला खोलीसाठीचा शब्द आहे. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लरने १६०४ मध्ये वापरले. इब्न अल-हैसमने शेवटचा शब्द पुराव्याला दिला. त्याच्या नावाने पुराव्यावाचून दावे करणे हा त्याचा सन्मान नव्हे.

खोलीतली प्रतिमा दिसत होती, पण पकडता येत नव्हती. ती पकडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. फ्रान्समध्ये निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून दिसणारा देखावा एका धातूच्या पत्र्यावर उमटवला. त्यासाठी पत्र्यावर कित्येक तास उजेड पडू द्यावा लागला. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि फोटोग्राफी जगभर पसरली.

त्याच काळात दुसरीकडे चित्र हलवण्याचा खटाटोप चालू होता. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटोने १८३२ मध्ये एक तबकडी केली. तिच्यावर एकाच हालचालीच्या निरनिराळ्या अवस्था काढलेल्या असत. तबकडी आरशासमोर फिरवून तिच्या फटींतून पाहिले की चित्रातला माणूस नाचू लागे. पुढे प्लाटोची दृष्टी कायमची गेली. डोळ्यांना नवे खेळणे देणाराच आंधळा झाला, हा दैवाचा खेळ म्हणायचा. डोळ्यात आधीची प्रतिमा रेंगाळते म्हणून हालचाल दिसते, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. आता अभ्यासक सांगतात, की तेवढ्याने उलगडा होत नाही. सुट्या चित्रांना जोडून हालचाल ‘वाचण्याचे’ काम मेंदू करतो.

१८७८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि धावत्या घोड्याच्या टापांबरोबर एकेक फोटो निघेल अशी व्यवस्था केली. धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून उचललेले असतात, हे जगाने प्रथमच डोळ्यांनी पाहिले. १८८२ मध्ये फ्रान्सच्या मारेने बंदुकीसारखा कॅमेरा केला. तो एका सेकंदात बारा फोटो घेई. १८८८ मध्ये लुई ल प्रिन्सने इंग्लंडमधल्या लीड्स येथे एका बागेतले काही क्षण पट्टीवर टिपले. १८९० मध्ये हा माणूस फ्रान्समधल्या एका रेल्वेप्रवासात बेपत्ता झाला तो पुन्हा सापडलाच नाही. नाहीतर सिनेमाचा इतिहास कदाचित त्याच्या नावाने सुरू झाला असता.

अजून एक अडचण होती. काच वळत नाही आणि कागद चटकन फाटतो. ईस्टमनने १८८९ मध्ये सेल्युलॉइडची लवचिक फिल्म बाजारात आणली आणि ही वाट मोकळी झाली. एडिसनचा सहकारी डिक्सन याने ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी घेतली आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे पाडली. पुढे शतकभर जगातले बहुतेक सिनेमे याच मापावर चालले. पण १८९४ मध्ये न्यूयॉर्कला लोकांपुढे आलेल्या एडिसनच्या पेटीत एका वेळी एकालाच डोकावता येई. सिनेमा अजून एकट्याचा होता.

त्याला जमातीचा केला तो ल्योंच्या ल्युमिएर बंधूंनी. फिल्म भिंगासमोर क्षणभर थांबली पाहिजे, मग उजेड झाकून झटकन पुढे सरकली पाहिजे आणि पुन्हा थांबली पाहिजे. सतत सरकत राहिली तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. यावरचा तोडगा लुई ल्युमिएरला शिवणयंत्रावरून सुचला. आपल्या मोहल्ल्यातल्या दर्जीला हे समजावून सांगावे लागणार नाही. सुई वर असते तेव्हा कापड सरकते आणि सुई खाली आली की थांबते. तेच तत्त्व फिल्मला लागू पडले. त्यांचे लहानसे यंत्र चित्रे टिपे, त्यांच्या प्रती काढी आणि पडद्यावर दाखवीही. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात एक फ्रँक तिकीट देऊन ३३ माणसे बसली. त्यांनी दहा लहान चित्रपट पाहिले. एकेक जेमतेम मिनिटभराचा.

तिथून मुंबई फार दूर राहिली नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएरच्या माणसाने, मारिअस सेस्तिएने, वॉटसन हॉटेलात सहा चित्रपट दाखवले. तिकीट एक रुपया. आठवडाभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटे झाली आणि पर्दानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्सही ठेवले गेले. उरुसाच्या तंबूतला आमचा तो आडोसा किती जुना आहे, हे यावरून कळेल. सिनेमा या देशात आला त्याच महिन्यात पडद्यातल्या बायकाही तो पाहू लागल्या होत्या. त्याच्याशी आपला संबंध नाही, या पहिल्या मताला एवढे उत्तर पुरे.

हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी विलायतेहून यंत्र मागवले आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचे ‘श्री पुंडलिक’ लागले. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ पासून मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी सुरू झाला. तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. बायका मिळत नव्हत्या. भल्या घरच्या तर नाहीच, पण बदनाम वस्तीतल्याही यायला तयार नव्हत्या.

याच काळात एक बाई पडद्यावर आली आणि कॅमेऱ्यामागेही जाऊन उभी राहिली. तिचे नाव फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून ती सिनेमात आली, १९२२ मध्ये ‘वीर अभिमन्यू’त दिसली आणि १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढून तिने ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातली ती पहिली स्त्री दिग्दर्शक. सुलताना, झुबेदा आणि शहजादी या तिच्या तिन्ही मुली सिनेमात आल्या. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

तिचीच मुलगी झुबेदा ‘आलम आरा’ची नायिका. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये हा पहिला भारतीय बोलपट लागला. अर्देशीर इराणींनी तो काढला. मूकपटाच्या वेळी कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त झाला तरी चालून जाई. आवाज आला आणि ती मोकळीक संपली. वेग बदलला की आवाज बिघडतो. म्हणून सेकंदाला २४ चौकटी हे माप पक्के झाले. ‘आलम आरा’साठी आणलेले यंत्र चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी टिपत असे. स्टुडिओजवळून रेल्वे जात होती, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रण करावे लागे. मायक्रोफोन कुठेतरी लपवायचा आणि वाद्येही चौकटीबाहेर ठेवायची. हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीवर फकिराच्या वेशात वझीर मोहम्मद खान गायले. हिंदी सिनेमातले ते पहिले गाणे.

आणि आता हे सारे कुठे आहे? ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. ‘बुलबुल-ए-परिस्तान’चीही नाही. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले, त्यांपैकी तीसच्या आसपास उरले आहेत आणि तेही बरेचसे तुकड्यांत. ती जुनी फिल्म नायट्रेटची होती. ती सहज पेट घेई, आणि पेटली नाही तरी दमट हवेत चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होई. तिच्यात चांदी असे, म्हणून कित्येक रिळे भंगारात गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झाले, तोपर्यंत फार उशीर झाला होता. जे वाचवले होते त्यातलेही बरेच ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्या नायट्रेट कोठाराला लागलेल्या आगीत गेले.

मग उरले काय? तिकिटबारीवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, जाहिरातीचे कागद, फोटो. चित्रपट गेला तरी त्यावरून कथा कळते, कलावंत कळतात, गाणी कळतात. यातले बरेच उर्दूत छापलेले होते. ते आपल्या आजोबांच्या पेट्यांत अजून कुठेकुठे पडून आहे. आमची मुले मराठीत शिकली, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्यांना उर्दू अक्षर लागत नाही आणि जे वाचता येत नाही ते रद्दीत जाते. कधी त्यावर अल्लाहचे नाव असेल या अदबीने कागद विहिरीत किंवा नदीत सोडला जातो. अदब खरी, पण त्याबरोबर फातमा बेगमचे नावही बुडते.

इब्न अल-हैसमची किताब टिकली, कारण कुणीतरी ती नकलून घेतली, कुणीतरी भाषांतरित केली, कुणीतरी छापली. त्यातले कित्येक जण त्याच्या मजहबचे नव्हते, त्याच्या मुलखाचे नव्हते. आपल्या वाट्याला आलेले काम त्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. घरातली जुनी पेटी उघडावी. त्यातला उर्दू कागद वाचता येत नसेल, तर मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या मास्तरांकडे घेऊन जावे आणि ते सांगतील ते मराठीत लिहून ठेवावे. ते मास्तर आहेत तोवरच हे होईल.