परकी माशी आणि बुलडाण्याचे शिवार

वनस्पती नव्या भूमीत आली आणि तिचा कीटक मागे राहिला, तर काय होते, हे न्यूझीलंडच्या बेटांवर दिसून आले. युरोपीय वसाहतकारांनी तेथे लाल क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक नेले. परंतु त्याच्या खोल नळीच्या फुलापर्यंत पोहोचणारी लांब जिभेची माशी तेथे नव्हती. बी पुरेसे धरेना. अखेर १८८५ मध्ये इंग्लंडहून बंबल बी आणून कँटरबरी प्रांतात सोडण्यात आली. या फुलाचे व माशीचे नाते डार्विनने १८५९ मध्येच नोंदविले होते.

बंबल बीला मराठीत सर्रास भुंगा म्हटले जाते, ते योग्य नव्हे. आपला काळा भुंगा लाकूड पोखरणारा. बंबल बी भारतात मुख्यतः हिमालयात आढळते. आपल्याकडे परकी माशी आली ती निराळी, युरोपीय मेलिफेरा. १९६२ मध्ये तत्कालीन पंजाबातील (आता हिमाचल प्रदेश) नगरोटा बगवान येथे ती यशस्वीपणे रुजली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड विषाणूने सातेरी माश्यांच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यानंतर तेथेही मेलिफेराचा प्रसार झाला. उद्देश प्रामुख्याने मधाचा होता, परागीभवनाचा विचार मागाहून आला.

बुलडाणा जिल्ह्यात मात्र प्रश्न बियाण्याचाच आहे. येथे कांदा बीजोत्पादन होते. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होते. त्यामुळे कीटकांवाचून बी भरत नाही. हे काम आग्या आणि फुलोरी माश्या विनामोबदला करीत आल्या. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी झाली की प्रथम त्याच जातात. मग भाड्याच्या मेलिफेरा पेट्यांचा उपाय सुचविला जातो. तो उपयुक्त आहे; पण त्याच फवाऱ्यात पेटीतील माशी कशी वाचावी, हे कोणी सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये मुळात माशीच नव्हती. येथे असलेली माशी आपण घालवीत आहोत, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

देऊळगाव राजा परिसरातील शेडनेटमध्ये तर माशीला प्रवेशच नाही. संकरित भाजीपाला बियाण्यासाठी परका पराग चालत नाही, म्हणून जाळी लावून शिवारातच बेट तयार केले जाते. आत फुलातील पुंकेसर चिमट्याने काढून पराग लावण्याचे काम माणसांचे हात, बहुधा स्त्रियांचे, फुलागणिक करतात. मजुरीच्या हिशोबात त्याची किंमत धरली जाते. जाळीबाहेरच्या माशीचे काम अजून कोणत्याही हिशोबात आलेले नाही.