वाद्यांचा साज : हस्तिदंतापासून कणकेपर्यंत

श्रोतेहो, आपल्या पनवेलच्या आसपास गावोगावी भजनी मंडळे आहेत. कुणाकडे पखवाज असतो, कुणाकडे वीणा, एखाद्या हौशी मास्तरांकडे तंबोरा. वाद्य घेताना किंमत सगळे विचारतात. पण घोडी कशाची, कातडे कशाचे, गवसणी कोणत्या कापडाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज या लहानसहान साजाचाच इतिहास पाहू. कारण त्यात मुक्या जनावरांच्या जिवाचा प्रश्न आहे.

सुरुवात मिरजेपासून करू. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल आला आणि तिथल्या शिकलगारांचा हत्यारांचा धंदा बसला. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. पुढे मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाद्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो. म्हणजे वाद्याचे पोट शेतकऱ्याच्या घरचे! पण तारा जिच्यावरून जातात ती घोडी आणि तारांचे मणी यांसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरण्याची चाल होती.

आता कोणी म्हणेल, हस्तिदंताशिवाय तो नाद कसा येणार? पण नाद येतो तरी कुठून? तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी सपाट नसतो. त्याला बारीकसा उतार असतो आणि तार त्याला हलकेच स्पर्श करीत थरथरते. तारेखाली सुताचा दोरा सरकवला की आवाज खुलतो. यालाच आपण जवारी म्हणतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा-वीणेवर लिहिताना घोडीच्या या वळणाकडेच लक्ष वेधले होते. पदार्थ बदलला की आवाजाचा पोत थोडा बदलतो, हे खरे. पण जवारी काढतो तो कारागीर, हत्ती नव्हे!

पुढे कायदाही आला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये, तर आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचा १९९१ मध्ये बंद झाला. मग वाद्ये मुकी झाली का? मुळीच नाही. कारागिरांनी हाड, शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थ यांवर तीच जवारी काढून दाखवली.

कोकणच्या खाली गोव्यातही हेच घडले. तिथले घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे भांडे. त्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. घोरपड मारणे गुन्हा ठरल्यावर शेळीचे कातडे आले. वादकांनी हात बसवला, आणि २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले, परंपरा टिकली.

आणि निरुपद्रवी साज काही नवा नाही, बरे का! पखवाजाच्या डाव्या अंगाला आपण काय लावतो? भिजवलेली कणीक. वाजवून झाले की खरवडून टाकायची. तिची मातीच होणार. अशी साधी अक्कल आपल्या वाडवडिलांपाशी होती.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेसाठी वाद्य घेताना तीन गोष्टी पाहा. जुना म्हणून का होईना, हस्तिदंताचा तुकडा विकत घेऊ नका. गवसणी रेक्झिनची नको, जाड सुती कापडाची शिवून घ्या. ती धुता येते आणि गावच्या शिंप्याला कामही मिळते. घोडीला चर पडले तर वाद्य टाकू नका. जवारी पुन्हा काढून घ्या. त्यात पैसा वाचतो आणि कारागिराची कानसही चालती राहते.

देवापुढे नाद करायचा, तर त्यासाठी रानातला जीव कशाला जावा? एवढे मुलांना कळले, तरी आपल्या वाद्यांचा इतिहास त्यांना कळला असे समजावे.