काशीचे कवीन्द्राचार्य सरस्वती

मोगल दरबार आणि महाराष्ट्र असे शब्द उच्चारताच आमच्या वाचकांस १६६६ सालचा आग्र्याचा प्रसंग आठवेल, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यापूर्वीच गोदातीरीचा एक संन्यासी त्याच दरबारात उभा राहिला व मागितले ते घेऊन परतला, हे तरुण मंडळींस क्वचितच ठाऊक असते.

कवीन्द्राचार्य सरस्वती मूळचे गोदाकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण; संन्यास घेऊन ते काशीस राहिले. त्या काळी काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवर कर असे. पोटास चिमटा घेऊन गंगास्नानास निघालेल्या गरिबाला तो किती जाचत असेल, हे सांगावयास नको. कवीन्द्राचार्यांनी शाहजहानपुढे यात्रेकरूंची बाजू मांडली आणि कर माफ करविला. बादशहाने त्यांस 'सर्वविद्यानिधान' ही पदवी दिली. पंडितांनी त्यांच्या गौरवार्थ रचलेल्या संस्कृत लेखनाचा 'कवीन्द्रचन्द्रोदय' हा संग्रहच सिद्ध झाला. (एकमेकांचे वाक्य खोडण्यात धन्यता मानणारे शास्त्री एका माणसाच्या स्तुतीसाठी एकत्र आले, हेही थोडे नव्हे!)

त्यांनी बादशहाची व युवराज दारा शुकोह याची स्तुतिपर हिंदी पद्ये रचली, म्हणून कोणी त्यांस भाट म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. भाट स्वतःसाठी मागतो. यांनी जे मागितले ते अनोळखी यात्रेकरूंसाठी.

पुढे काळ फिरला. दाराने काशीच्या पंडितांच्या साह्याने १६५७ साली उपनिषदांचे फारसी भाषांतर करविले. १६५८ त सामूगढला त्याचा पराभव झाला आणि १६५९ त औरंगजेबाने त्याचा वध करविला. बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या वेळी दिल्लीस होता. शाहजहानने काशीच्या एका पंडितश्रेष्ठास दिलेली दोन हजार रुपयांची नेमणूक औरंगजेबाने गादीवर येताच बंद केली आणि ती पुन्हा चालू व्हावी म्हणून तो पंडित वर्षभर एका उमरावाकडे खेटे घालीत होता, असे बर्निये लिहितो. त्याने नाव दिलेले नाही. पण हे कवीन्द्राचार्यच, असे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार प्रतिपादिले. पांढरे रेशमी वस्त्र कमरेस, तांबडे खांद्यावर, अशी त्यांची मूर्ती बर्नियेने रेखाटली आहे. पुढे तो काशीस गेला तेव्हा त्याच पंडिताने सहा विद्वानांस बोलावून ग्रंथालयात त्याचा सत्कार केला.

कवीन्द्राचार्यांच्या संग्रहाची म्हणून जी सूची उपलब्ध आहे, ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२१ साली छापली गेली. तीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. आमच्या घराघरांतील माळ्यांवर रुमालांत बांधलेल्या पोथ्या रद्दीवाल्याच्या तागडीत पडताना आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची साधी यादीही कोणी केली नाही. कवीन्द्राचार्यांचे भांडारही विखुरलेच, परंतु बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात व अन्यत्र त्यांच्या पोथ्या आजही ओळखू येतात. कारण पानावर मालकाचे नाव घातलेले आहे, बादशहाने दिलेल्या त्या पदवीसह.