गोवर्धनाची निगमसभा

रोमन नगरांच्या सार्वजनिक जीवनाचा विषय निघाला की पाँपेईचे नाव प्रथम येते. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगराच्या भिंतींवर उमेदवारांसाठी मते मागणारे मजकूर रंगवलेले आढळले. दरवर्षी निवडलेले अधिकारी आणि नगरसभा मिळून तेथील कारभार पाहत. आपल्याकडे अशी प्रथा इंग्रजांबरोबरच आली, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या रायपूरची नगरपालिकाही 1867 सालची, म्हणजे इंग्रजी अमदानीतली. परंतु नाशिकच्या पांडवलेण्यांतील एक प्राकृत शिलालेख या समजुतीचा फेरविचार करावयास लावतो.

क्रमांक 10 च्या लेण्यातील हा लेख क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा. काळ स्थूलमानाने रोमन नगरांच्या भरभराटीचाच. उषवदाताने लेणे भिक्षुसंघास अर्पण केले आणि 3000 कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, सोपविली. 2000 वर दरमहा शेकडा एक, तर 1000 वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याजच तेवढे वापरावयाचे. अशा ठेवीस 'अक्षयनीवी' म्हणत. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावयाचे. 2000 चे वर्षाचे व्याज 240, आणि वीस बारेही 240! हिशेब चोख आहे.

लेखाच्या शेवटी म्हटले आहे, की हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले व रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदविण्यात आले. राजाच्या जावयालाही आपले दान नगराच्या सभेपुढे मांडावेसे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. निगमसभेचे सभासद मतदानाने निवडले जात, असे लेखात नाही. तेव्हा तिला नगरपालिका म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र नगराची म्हणून एक सभा होती आणि तिच्या दप्तराला मान होता, एवढे निश्चित.

याउलट रोमन सम्राट ट्रेजनचे उदाहरण पाहावे. निकोमीडिया नगरात मोठी आग लागल्यावर प्रांताधिकारी प्लिनीने 150 जणांचे अग्निशामक पथक स्थापण्याची परवानगी मागितली. अशा संघटना पुढे राजकारणात शिरतात, या भीतीने सम्राटाने ती नाकारली. गोवर्धनात मात्र विणकरांचे संघ संघदानाचे विश्वस्त झाले होते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता उलथून टाकली. नाशिकजवळ जोगलथेंबी येथे 1906 साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. सत्ता बदलली की नाणेही बदलते. म्हणूनच दीर्घकाळ टिकावी अशी ठेव राजकोशापेक्षा समाजाच्या हाती अधिक सुरक्षित, असे उषवदाताला वाटले असावे.

आमच्यासारखे बदलीच्या नोकरीतले लोक गावोगावी येतात आणि जातात. मंडळ मात्र राहते. वार्षिक सभेत हिशेबवाचन सुरू झाले की आपले लक्ष पुढील करमणुकीच्या कार्यक्रमाकडे वळते. परंतु आपल्या पूर्वजांनी खडकावर कोरून ठेवावे इतके महत्त्व ज्या गोष्टीस दिले, ती हीच होय: चारचौघांत वाचलेला हिशेब. परप्रांतात आपली संस्था पन्नास वर्षे टिकली ती देणग्यांइतकीच या रिवाजावरही, आणि पुढील पिढीच्या हाती तो जसाच्या तसा सोपविणे हे आपले काम आहे.