जाड नळीची रायफल : वजन, अचूकता आणि निवडीचा इतिहास

प्रस्तावना :
दूर पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफलची नळी किती जाड असावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. परंतु अमेरिकेतील नेमबाजीचा इतिहास पाहता या निवडीमागे पदार्थविज्ञानाइतकाच युद्धाचा अनुभव, स्पर्धेचे नियम आणि शेतीची गरज यांचाही वाटा असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात या घटकांचा परामर्श घेतला आहे.

युद्ध आणि स्पर्धा :
१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेकडील हायरम बर्डन याने निष्णात नेमबाजांच्या पलटणी उभारल्या. अनेक जण स्पर्धेतील स्वतःच्या रायफली घेऊन आले. त्यांपैकी काहींचे वजन ३० पौंडांच्या आसपास होते. टेकूवरून मारा करण्यास त्या उत्तम, पण कूच करताना ओझे ठरणाऱ्या होत्या. १८६२ मध्ये या नेमबाजांना हलक्या शार्प्स रायफली देण्यात आल्या.

पुढे लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथे १८७३ मध्ये नेमबाजीचे मैदान सुरू झाले. तेथील दूर पल्ल्याच्या स्पर्धांत रायफलच्या वजनावर १० पौंडांची मर्यादा होती. याच मैदानावर १८७४ मध्ये ८००, ९०० व १,००० यार्डांवरून झालेल्या सामन्यात अमेरिकन संघाने आयर्लंडचा ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी पराभव केला. वजनाला मर्यादा असूनही हजार यार्डांवर अचूकता साधता येते, हे यावरून स्पष्ट झाले.

जाडीचे शास्त्र :
नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या, तर वजन वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास २० टक्क्यांनी वाढविल्यास ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. वजन मात्र सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. लांबी वाढली की ताठपणा झपाट्याने घटतो. म्हणून समान वजनाच्या दोन नळ्यांत आखूड व जाड नळी अधिक ताठ असते. जाड नळी सावकाश तापते, पण निवण्यासही अधिक वेळ घेते. मात्र जाडी म्हणजे अचूकता नव्हे. आतील आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीशी जुळावा लागतो. लांब गोळीला अधिक घट्ट पीळ आवश्यक असतो. यासंबंधीचे सूत्र जॉर्ज ग्रीनहिल याने १८७९ मध्ये मांडले.

शेती आणि उपद्रवी प्राणी :
विसाव्या शतकात वुडचक, प्रेअरी डॉग यांसारख्या बिळे करणाऱ्या लहान प्राण्यांच्या शिकारीने या प्रश्नाला नवे वळण दिले. लक्ष्य लहान व अंतर मोठे असल्याने वेगवान काडतुसांची मागणी वाढली. १९३५ मध्ये आलेल्या .२२० स्विफ्टच्या ४८ ग्रेन गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४,१०० फूट होता. तथापि, नळी लवकर झिजविणारे काडतूस अशी त्याची ख्याती झाली. १९५० मध्ये आलेले सौम्य .२२२ रेमिंग्टन अचूकतेसाठी नावाजले गेले. या शिकारीचेही दोन प्रकार आहेत. वुडचकचा शिकारी शेतोशेत हिंडतो. त्यास मध्यम जाडीची नळी सोयीची. प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर एकाच जागी बसून शेकडो गोळ्या झाडणाऱ्यास जाड नळी आवश्यक ठरते.

टेकूवरील स्पर्धांनी वजनाचे वर्ग निश्चित केले. हलका व्हार्मिंट वर्ग १०.५ पौंडांचा, तर जड वर्ग १३.५ पौंडांचा आहे. या मर्यादेत दुर्बिणीचेही वजन धरले जात असल्याने नळीला दिलेला प्रत्येक औंस अन्य भागांतून वाचवावा लागतो.

निष्कर्ष :
सारांश, सर्वांत जाड नळी ही सर्वोत्तम नळी नव्हे. रायफल किती अंतर वाहून न्यावयाची, सलग किती गोळ्या झाडावयाच्या, गोळी किती लांब आणि नियम कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच जाडी ठरविणे इष्ट होय. बर्डनच्या नेमबाजांना रणांगणावर मिळालेला धडाही हाच होता.